हरकत नसल्यास

“आई, हिला जरा घेता का? माझा विषय आला.”

सासूबाईंनी बाळाला उचललं, पण स्क्रीनकडे बघत तिथंच उभ्या राहिल्या. “एवढी माणसं! पगार कोण देतं म्हणालीस?”

“कुणीच नाही.”

“मग एवढा घाम कशाला फुटलाय?”

काय सांगणार? क्लाउडमधली यंत्रं एकमेकांशी जोडणारं एक सॉफ्टवेअर आहे. जगभरातले लोक ते मिळून लिहितात, मालक कुणीच नाही. त्या मोठ्या प्रकल्पाला काही लहान उपप्रकल्प जोडलेले आहेत, त्यातला एक माझा. दोन यंत्रांमधला संपर्क नेमका कुठे तुटला, ते तो शोधून देतो. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मित्राबरोबर सुरू केला. मित्र नोकरी बदलून गेला, मी राहिले. आज मोठ्या प्रकल्पाची समिती ठरवणार होती, माझा उपप्रकल्प ठेवायचा की अडगळीत टाकायचा.

“नियम साधा आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. आवाज नको तितका गोड होता. “प्रत्येक उपप्रकल्पाला किमान दोन सांभाळणारे हवेत. तुम्ही एकट्याच आहात.”

“हा नियम कधी झाला?”

“गेल्या वर्षी. सगळ्यांना मेल गेली होती. आठवड्याभरात कुणी हरकत घेतली नाही, म्हणून मंजूर झाला. तुमचीही हरकत नव्हती.”

आमच्याकडची ही रीतच आहे. प्रत्येक गोष्टीवर मतदान घेत बसलं तर काम व्हायचं नाही, म्हणून जो गप्प तो राजी, असं धरतात. मीसुद्धा कितीदा अशीच कामं उरकली होती. घाईघाईनं मेल शोधली. होती. न उघडलेली. तारीख बघितली.

“त्या आठवड्यात मी प्रसूतिगृहात होते,” मी म्हणाले. “बाळ काचेच्या पेटीत होतं.”

एकानं कॅमेरा बंद केला. बाकीचे आपापल्या चौकटीत खाली बघू लागले.

“वाईट वाटतं ऐकून,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पण तुम्ही आधी कळवलं असतंत तर…”

“काय कळवायचं? कळा येताहेत, तोवर नियम करू नका म्हणून?”

कुणीतरी हसलं आणि पटकन आवाज बंद केला. मागे बाळ किरकिरायला लागलं. सासूबाई तिला थोपटत होत्या, पण हलल्या नाहीत.

मग एका बड्या कंपनीतले गृहस्थ बोलले. “मी सुचवू का? आमची दोन माणसं देतो. प्रकल्प जगेल. फक्त प्रमुख आमचा राहील, म्हणजे निर्णय पटापट होतील. ताई, तुम्ही निवांत बाळाकडे बघा.”

निवांत! याच्या घरात रांगतं मूल नक्कीच नसणार.

राग आला, पण डोळ्यांसमोर एक बाई होती, माझा उपप्रकल्प वापरणारी, एका इस्पितळातले संगणक सांभाळणारी. तिथली यंत्रं मधूनच एकमेकांपासून तुटायची. तिनं मला तीनदा विचारलं होतं आणि मी ‘बघते’ एवढंच लिहिलं होतं. बघायला झालंच नव्हतं. आधी दात, मग ताप, मग पुन्हा दात.

“कुणाची हरकत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

मी हरकत घेतली असती तर मतदान झालं असतं. माझ्या बाजूला एकच मत, माझं. उपप्रकल्प सरळ अडगळीत. गप्प बसले असते तर पुन्हा तेच, मला राजी धरलं असतं.  

“हरकत नाही,” मी म्हणाले. “पण गप्प बसले म्हणून धरू नका. मी बोलून सांगतेय. तसंच लिहून घ्या.”

 अध्यक्षबाईंची बोटं कीबोर्डवर चाललेली ऐकू आली.

“झालं का मनासारखं?” सासूबाईंनी विचारलं.

“वाचला, आई.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्या बाळाला पुन्हा थोपटू लागल्या.

सांभाळणाऱ्याचं नाव आमच्याकडे दुसरं कुणी खोडत नाही. ज्याचं त्यानं काढायचं आणि प्रमुखानं ते मंजूर करायचं. नुसतं नावापुरतं राहायचं नव्हतं, म्हणून नव्या प्रमुखाचं नाव चढल्यावर मी यादीतली माझ्या नावाची ओळ पुसली. ती स्क्रीनवर लाल झाली, पुसल्याची खूण म्हणून तिच्यापुढे वजाचं चिन्ह आलं. ‘मंजुरीसाठी पाठवा’ दाबलं आणि बाळाला भरवायला गेले.

परत आले तर नव्या प्रमुखाची मंजुरी अजून आलेली नव्हती. बाळाला मांडीवर घेऊन मी तिथंच वाट बघत बसले.