दार उघडं असलं की आत या

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या चार्ल्सटनमधली जुनी घरं रस्त्याकडे तोंड करून नाही, आडवी उभी असतात. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात नाही, एका लांबलचक ओसरीवर पोहोचतो. गेली अकरा वर्षं मी पाहुण्यांना ही घरं बाहेरून दाखवत पोट भरते. अशा दारापाशी आले की माझं ठरलेलं वाक्य असतं, "हे दार उघडं दिसलं तर समजायचं, घरचे म्हणतायत, या, बसा!" पाहुणे खूश होतात, फोटो काढतात आणि पुढच्या गल्लीत सगळं विसरतात.

त्या जुलैच्या दुपारी नऊ जण होते. चर्चच्या सावलीत पाणी प्यायला थांबलो. डोकी मोजली तर आठ.

"आमचे हे ना?" नेब्रास्काहून आलेल्या लिंडक्विस्टबाई हसत म्हणाल्या. "त्या हिरव्या दाराच्या घरी गेलेत. म्हणाले, दार उघडं होतं, भेटून येतो. घामानं भिजेल म्हणून कानातलं यंत्रसुद्धा माझ्याकडे देऊन गेलेत."

त्या घरात मिस्टर हॅरोड एकटे राहतात. वसंतात त्यांच्याकडे दोनदा चोरी झाली, तेव्हापासून म्हातारा मांडीवर बंदूक घेऊन बसतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दार उघडं ठेवतात ते फक्त वाऱ्यासाठी.

"इथेच थांबा सगळे!" म्हटलं आणि पळत सुटले. अठ्ठावन्न वर्षांची मी, त्या खडबडीत विटांवरून. देवा, बार ऐकू येऊ देऊ नकोस, एवढंच मनात चाललं होतं.

दारातून आत पाहिलं. लिंडक्विस्ट ओसरीच्या मधोमध उभे राहून मान वर करून छताचा निळा रंग न्याहाळत होते. त्यांच्या पाठीमागे हॅरोड, बंदूक खांद्याला लावून.

"शेवटचं सांगतोय! हात वर कर आणि वळ!"

लिंडक्विस्टनी फोटोसाठी फोन काढायला खिशात हात घातला.

"बहिरे आहेत ते! साहेब, त्यांना ऐकू येत नाही!" मी किंचाळत आत शिरले. बंदूक माझ्याकडे वळली. माझे हात आपोआप वर गेले. आम्हा काळ्या माणसांत हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"तू कोण?"

"गाईड, साहेब. अल्थिया. रोज तुमच्या दारावरून जाते."

"याला आत कुणी बोलावलं?"

खोटं बोलायची हिंमतच नव्हती. "मी. दार उघडं असलं की आत या, असं मी सगळ्यांना सांगते."

"माझ्या घराचं? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, साहेब."

तेवढ्यात लिंडक्विस्ट वळले. "अल्थिया, काय सुंदर निळा आहे हो हा…" मग त्यांना बंदूक दिसली. फोन हातातून फरशीवर पडला. हॅरोडनी नळी हळूहळू खाली केली.

"घेऊन जा याला. आणि दार ओढून घे."

बाहेर येताच लिंडक्विस्ट पायरीवर मटकन बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी विचारलं, "म्हणजे उघड्या दाराचं ते खरं नाही?"

मला रडू येत होतं आणि रागही, स्वतःचाच. "मला कसं ठाऊक असणार?" मी म्हटलं. "माझी आई याच गल्लीत तीस वर्षं स्वयंपाकाला होती. ती मागच्या बोळातून आत जायची. आमच्या घरातली पुढच्या दारानं आत गेलेली मी पहिलीच, आणि तीही हात वर करून!"

"काय म्हणालात?" त्यांनी कानाला हात लावला.

मी तेच पुन्हा सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.