दौलूच्या दिवसाची तार

"मास्तरीणबाई, औंदा तारंचा खेळ नगा करू. घरटी फौजी हाय, त्यात लढाई पेटलीया," जोतिबा पोस्टमन दारात सायकल धरूनच म्हणाला होता.

विजयमाला हसली. "अहो मामा, सिनेमाचा सण तो! त्यात कोण फसतंय?"

असं म्हणणारी बाई एरवी महाभित्री. लेकीच्या हातात शेंगदाणा दिसला तरी धावत सुटायची. पोर झोपली की नाकापुढं बोट धरून श्वास बघायची. साताऱ्याला बी.ए. झालेली, नवऱ्याच्या मास्तरकीपायी पलूसजवळच्या या वाडीत आलेली. तिची सगळी धास्ती घराच्या उंबऱ्याआतच संपायची.

दौलू हा सिनेमातला डाकवाला. त्याचे तीन सिनेमे पलूसच्या तंबूत लागले आणि वाडीला त्याचं वेडच लागलं. पहिला लागला ती तारीख, दहा डिसेंबर, म्हणजे दौलूचा दिवस. सायकलदुकानवाला कृष्णात त्या दिवशी खाकी कपडे घालायचा आणि हलगीच्या तालावर घरोघरी खोट्या तारा वाटायचा. प्रत्येक दारात दौलूसारखं ओरडायचा, "अर्जंट हाय!" तारा इंग्रजीत. त्या लिहायची विजयमाला, आणि गल्लीत उभी राहून मराठीत सांगायचीही तीच. 'तुमची म्हैस कलेक्टर झाली, गोठा झाडून घ्या.' माणसं पोट धरून हसायची.

एकाहत्तर साली कृष्णातची फेरी निम्म्यावर आली असताना तासगावहून खराखुरा तारवाला आला. गावाला नवखा. अंगात खाकी, हातात सायकल. "मनुबाई कुठं राहतात? अर्जंट हाय," त्यानं विचारलं मात्र, एकच गिल्ला झाला.

"शेजारच्या वाडीनंबी दौलू काढला की रं!"

"लय झ्याक बोलतोय गड्या, हुबेहूब!"

"आवं सोडा, खरी तार हाय," तो हात जोडून म्हणत राहिला. तिसऱ्या सिनेमात दौलू अगदी हेच म्हणतो. मग काय, त्याला गुलाल फासला आणि वाजतगाजत मनुबाईच्या दारात नेला.

मनुबाईला मागंपुढं कोणी नाही. एकुलता लेक अर्जुना, तो सीमेवर. तिनं तारवाल्याच्या तोंडात साखर घातली, कागदावर अंगठा उठवला आणि पाकीट विजयमालाकडं दिलं. "वाच गं माला. माझी म्हस काय झाली बघ."

कडेवरच्या लेकीला सावरत विजयमालानं घडी उलगडली. अक्षर तिचं नव्हतं. पहिल्या ओळीत अर्जुनाचा फौजी नंबर होता. दुसरी तिनं दोनदा वाचली.

हलगी थांबलेली. सगळी तोंडं तिच्याकडं. मनुबाई तर आधीच हसत होती.

"अर्जुना हवालदार झाला," विजयमाला म्हणाली. "म्हणतो, आये, म्हस विकू नको, दूध प्यायला येतोय."

टोप्या उडाल्या. तारवाल्यानं गालावरचा गुलाल पुसत तिच्याकडं एकदा बघितलं आणि सायकल वळवली.

दिवस कलताना मास्तरांना आणि जोतिबाला घेऊन ती पुन्हा त्या घरी गेली. म्हातारीचे पाय धरून काय ते सांगितलं. जोतिबानं जुन्या पत्रातला नंबर जुळवून दाखवला.

मनुबाई रडली नाही. "दुपारी तूच वाचलीस न्हवं?"

"मीच."

"ह्योच कागुद?"

"हाच."

"मग दुपारी हवालदार झालेला गडी सांजंला मरतोय व्हय? पुरं झाला खेळ, माला. पोरगी भुकेजलीया, घरला जा."

महिन्याभरानं अर्जुनाची ट्रंक आली. मनुबाईनं ती पुसून कोनाड्याखाली ठेवली. "सामान म्होरं आलंय," शेजारणींना सांगितलं, "त्यो मागनं येतोय."

पुढच्या साली वाडीत दौलू निघाला नाही, कृष्णातनं खाकी कपडे जाळले. पण मनुबाई त्या दिवशी सकाळपासून उंबऱ्यावर बसून होती, जेवायलाही उठली नाही. विजयमाला ताट घेऊन गेली, तर म्हणाली, "तू नगं. तारवाला येऊ दे."

आता मास्तरांची बदली साताऱ्याला झाली आहे. विजयमाला वाडीला पत्रं टाकते, पण ती मनुबाईला कोणी वाचून दाखवली तरी तिला खरी वाटतील का? पलूसकडं निघालेला कुणीही भेटो, ती त्याला थांबवते. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे:

"दहा डिसेंबरला त्या बाजूला असाल तर वाडीत डोकावा. शेवटचं घर, दारात म्हैस. समजवायला जाऊ नका. म्हातारी जेवली का, तेवढं बघा आणि मला कळवा."