अर्धी दाढी

त्या आठवड्यात बर्नी व्होयचिकला सगळ्याचीच किळस आली होती. टीव्हीची, बिअरची, खेळाच्या नियमांची, आणि सगळ्यात जास्त आरशातल्या स्वतःच्या थोबाडाची. कारण त्या थोबाडावर दाढी उरली होती ती फक्त डाव्या गालावर.

दाढीची शपथ दोघा भावांची. आपला अमेरिकन फुटबॉलचा, हातानं बॉल फेकायच्या खेळाचा संघ बाद फेरीत जाईपर्यंत गालाला वस्तरा लावायचा नाही, असं बर्नीनं आणि कॅझनं डझिकच्या बारमध्ये चारचौघांसमोर ठरवलं होतं. वस्तरा तिथंच खिळ्याला टांगला. संघ दरवर्षी माती खात राहिला आणि यंदा ऑक्टोबरात कॅझ दाढीसकट गेला. शपथ एकट्या बर्नीच्या गळ्यात पडली. त्यात त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, मार्सीचं, टॉडशी लग्न.

"माझ्या लग्नात तरी माणसासारखा दिस, डॅड," एवढंच तिचं मागणं होतं.

लग्नाच्या आधीच्या रविवारी हंगामातली शेवटची मॅच होती. जिंकलो तर बाद फेरी, नाहीतर घरी. अगदी शेवटी बॉल लांब भिरकावला गेला, आपल्या पोरानं मैदानाच्या टोकाला, टचडाउनच्या पट्ट्यात झेप घेऊन तो छातीशी कवटाळला आणि बॉलसकट आडवा झाला. पंचाचे दोन्ही हात वर, म्हणजे गुण मिळाले! बारमध्ये एकच धिंगाणा. बर्नीनं डोळे पुसत खिळ्यावरचा वस्तरा ओढला, बाथरूममध्ये शिरला आणि उजवा गाल खसाखसा साफ करून टाकला.

तेवढ्यात बाहेरचा आवाज बंद पडला.

फेस लागलेल्या तोंडानं तो बाहेर आला. टीव्हीवर तोच झेल हळूहळू, पुढून, मागून, पुन्हा पुन्हा दाखवत होते. बर्नी टक लावून बघत राहिला. मग पंचानं जाहीर केलं, की जमिनीवर पडताना बॉल हातात हलला, सबब झेल पूर्ण नाही.

"पूर्ण नाही म्हणजे?" बर्नी कडाडला. "दोन्ही पाय आत, बॉल छातीशी! अजून काय, घरी नेऊन दूध पाजायचं होतं का त्या बॉलला?"

"आणि तुझी दाढी, बर्नी?" डझिक म्हणाला. "ती धरायची का पूर्ण?"

सगळे हसले, पण तोंडं कडूच होती.

मग आठवडाभर पेट्रोल पंपावर, खाटकाच्या दुकानात, दिसेल त्याच्याशी बर्नी भांडला. झेलच होता तो! दूर न्यूयॉर्कच्या खोलीत बसून पडद्यावर बघून निकाल फिरवणारे ते टायवाले, उभ्या जन्मात साधा बटाटा तरी झेललाय का त्यांनी? थू! बायकोनं, डोलोरेसनं, त्याच्यासमोर जेवायला बसणं सोडलं.

"एक तर काढ, नाहीतर वाढव," ती म्हणाली. "मला घास उतरत नाही."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मार्सी वस्तरा घेऊनच आली.

"डॅड, झेल होता ना तो?"

"होता म्हणजे? शंभर टक्के होता!"

"मग आपण जिंकलो. शपथ फिटली. मग ही अर्धी कशाला ठेवलीयस?"

बर्नीनं डावा गाल तळहातानं झाकला. मार्सीनं वस्तरा पर्समध्ये टाकला.

"बरं. आपली माणसं डावीकडे बसतात, त्यांना सगळं ठाऊकच आहे. टॉडच्या घरचे उजवीकडे. त्या बाजूला मान वळवू नकोस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बर्नी मानेला खिळा ठोकल्यासारखा चालला. मार्सी त्याच्या डाव्या हाताला, दाढीच्या बाजूला. डावीकडचे खिदळत होते, उजवीकडचे आदरानं मान लववत होते आणि डोलोरेस पुढच्या बाकावर आपले बूट न्याहाळत होती. दोन्ही गाल एकदम दिसले ते एकट्या फादर लेओंना. कॅझला त्यांनीच मूठमाती दिली होती, आणि मॅच तेही चुकवत नसत.

मार्सीचा हात सोडायची वेळ आली तेव्हा फादर पुढं वाकून कुजबुजले, "बर्नार्ड, मी पुन्हा पुन्हा पाहिला. झेलच होता तो."

हेच ऐकायला बर्नी आठवडाभर तडफडत होता. पण ऑक्टोबरात कॅझची शवपेटी ठेवली होती ती याच पायरीपाशी, आणि आज तो तिथंच उभा होता.

"नव्हता, फादर," तो म्हणाला. "बॉल हलला होता. मी पाहिलं."

मार्सीनं त्याच्या दाढीच्या गालाचा मुका घेतला.