सिंगापूरचा झेंडा

बेचाळीस सालचा जऊळक्याचा बाजार आठवला की मला आधी निजामुद्दीनभाईच्या कापडदुकानाची भिंत आठवते. तिच्यावर सरकारनं लढाईचा नकाशा लावला होता. जिथं आपलं सैन्य, तिथं टाचणीला इवलासा कागदी झेंडा. दर आठवड्याला तहसिलीतून छापील बातमीपत्र यायचं. ते बाजारात मोठ्यानं वाचायचं आणि हुकूम येईल तसे झेंडे सरकवायचे, हे काम शाळामास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं होतं. खणखणीत आवाजाची ही शिक्षा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. एरवी माझं वर्गातली पोरंसुद्धा ऐकत नसत.

तुळसाबाईनं एकही बाजार चुकवला नाही. तिचा एकुलता जगदेव पलटणीत भरती होऊन सिंगापूरला गेला होता, आणि जाण्याआधी गावातल्या इंद्रभानच्या लेकीशी, पंचफुलेशी त्याची सोयरीक पक्की झाली होती. सरकार काय म्हणतं याच्याशी म्हातारीला घेणंदेणं नव्हतं. माझं वाचून झालं की ती एवढंच विचारायची, "मास्तर, झेंडा जागेवर हाय ना?" मी "हाय" म्हटलं की ती आपल्या मिरच्या विकायला बसायची.

फेब्रुवारीत सिंगापूर पडलं. निजामुद्दीनभाईकडं मुंबईचा पेपर येई, त्यात ते ठळक छापलं होतं. आमच्या बातमीपत्रात मात्र 'पूर्वेकडील फौजा ठरल्याप्रमाणे सोयीच्या जागी आल्या' एवढंच. झेंडा काढायचा हुकूम आलाच नाही. तीन बाजार मी ते तसंच वाचलं आणि तीनदा "हाय" म्हणालो.

चौथ्या बाजारी मात्र माझी मलाच लाज वाटली. बाजार उठल्यावर तुळसाबाईला थांबवलं, खरं काय ते सांगितलं आणि तिच्यासमोर टाचणी उपटली.

ती रडली नाही. नकाशातल्या भोकाकडं बघत राहिली.

"लावा परत," ती म्हणाली. "झेंडा निंघाला त इंद्रभान पोरगी दुसरीकडं देईन. माहा जगदेव वापस आला त थो कोनाले पाहीन?"

मी टाचणी परत टोचली. आजवर सरकारच्या हुकमानं बोलत होतो. त्या दिवसापासून दर बाजारी मी आपल्या मनानं "हाय" म्हणू लागलो.

लढाई संपली. फत्तेची साखर वाटली गेली, नकाशा उतरला. जगदेव आला नाही. वर्षभरात तुळसाबाईही गेली, आणि मग कुठं पंचफुलेचं लग्न रिसोडला झालं.

एकोणपन्नास साली रिसोडच्या बाजारात ती मला भेटली. कडेवर लेक होती. माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "पोरी, ठाऊक असून मी खोटं बोललो. तुझी चार वर्षं माझ्यामुळं गेली."

"माह्या बाबाले पैल्याच आठवड्यात मालूम झालं होतं," ती म्हणाली. "निजामुद्दीनचाचाचा पेपर त्यायनंही आयकला होता. घरी येऊन मलेही सांगतलं."

"मग थांबलात कशाला?"

तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"तुळसामायच्या समोर तुमाले खोटं कोन पाडन, मास्तर? आन बाजारात मलेही ते 'हाय' आयकाले बरं वाटे."