मुक्तामुळं उभा

तालमीच्या तिसऱ्या रविवारी अप्पारावांनी हात वर करून वाद्यं थांबवली. निशानं गाण्याचा पहिला शब्द नुकता म्हटला होता.

"काय म्हणालीस?"

"मुक्ता से."

"पूर्ण ओळ म्हण."

"मुक्ता से खड़ा हूँ मोड़ पे, तू आए तो घर जाऊँ मैं."

तबलजी खाली मान घालून हसला. अप्पाराव हसले नाहीत. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि आता जुन्या हिंदी प्रेमगीतांचे कार्यक्रम बसवायचे. प्रत्येक गाण्याचे शब्द मूळ तबकडी लावून स्वतः उतरवून घ्यायचे. त्यांनी फाइलमधला कागद काढून निशापुढे धरला. कागदावर होतं, 'मुद्दत से'.

"मुद्दत. म्हणजे फार दिवसांपासून. फार दिवस वळणावर उभा आहे, तू आलीस की घरी जाईन. साठ वर्षं लोक हे गातायत. त्यात ही मुक्ता कुठून आली?"

"घरून," निशा म्हणाली.

उत्तर उद्धट वाटलं, पण खरं होतं. मुक्ता म्हणजे तिची आजी, मुक्ताबाई. आणि गाण्यात ती आणली होती आजोबांनी.

सांडूआबा तरुणपणी छावणीतल्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एकोणसत्तर साली हा बँड एका लग्नासाठी करमाडला गेला. तिथं नवरीची चुलत बहीण पाहुण्यांना पाणी देत होती आणि घरातलं कुणी तरी तिला सारखं हाक मारत होतं. मुक्ता, इकडं ये. मुक्ता, तांब्या आण. सांडू तिच्याशी एक शब्द बोलला नाही. त्यानं तिच्या हातचं पाणी मात्र तीनदा मागितलं.

पुढच्याच आठवड्यात बँडमास्तरांनी तालमीत नवं गाणं काढलं. मास्तर उर्दू शाळेत शिकलेले. शब्दांची वादकांना गरज नसते, तरी चाल लक्षात राहावी म्हणून ते पहिली ओळ भरभर म्हणून दाखवायचे. सांडूला ऐकू आलं, 'मुक्ता से खड़ा हूँ मोड़ पे.' त्यानं वहीत तसंच लिहून घेतलं. 'से'चा अर्थ त्यानं आपल्या बोलीप्रमाणे लावला. मुक्तामुळं उभा हाय मोडावर. गाण्यात पोरीचं नाव निघालं, यापेक्षा मोठा इशारा काय असतो, असं म्हणून त्यानं महिनाभरात थोरल्या भावाला करमाडला पाठवलं. लग्न झालं. बुद्धवंदना झाल्यावर त्यानं स्वतःच्या वरातीत हेच गाणं स्वतः वाजवलं, कारण बँडमधल्या दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता.

पडेगावच्या घरात हे गाणं मग भाषेसारखं वापरलं गेलं. निशाचे वडील धम्मपाल ते स्कूटरवर शिट्टीनं वाजवायचे. निशा ते पाळण्यात ऐकत झोपली. मोबाइलवर मूळ गाणं तिनं शंभरदा तरी ऐकलं असेल, पण कानाला जे ठाऊक असतं तेच कान ऐकतो. तिला दर वेळी मुक्ताच ऐकू आली होती. आता तालमीनंतर तिनं जिन्यात उभं राहून गाणं पुन्हा लावलं. या वेळी स्वच्छ 'मुद्दत' ऐकू आलं. एकदा कळल्यावर ते परत न कळलेलं करता येईना.

ती अप्पारावांकडे परत गेली.

"सर, मी 'मुक्ता'च म्हटलं तर? आमचे आबा पहिल्या रांगेत बसणार आहेत. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. या एका शब्दावर त्यांचं लग्न झालंय."

अप्पारावांनी सगळी हकीगत शांतपणे ऐकून घेतली. मग चष्मा पुसला.

"छान आहे. पण पडद्यावर शब्द येणार आहेत, निशा. सभागृहात तीनशे माणसं तुझ्याबरोबर गाणार. तू एक म्हणणार, ते दुसरं म्हणणार. आणि मुळात लिहिणाऱ्यानं तो शब्द तोलून लिहिलाय. तो काढायचा हक्क मलाही नाही. तुला जमत नसेल तर सोनिया गाईल. राग नाही माझा."

गाणं सोनियाला दिलं असतं तरी शब्द 'मुद्दत'च राहिला असता. आबांनी तो ऐकलाच असता, तोही परक्या तोंडून.

घरी मुक्ताबाई ओसरीवर ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आबा विहारात गेले होते. निशा शेजारी बसली, चार शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "आजी, एक सांगू का? रागावू नको."

"शेंगात आळी हाय का बघून सोल. सांग."

"गाण्यात तुझं नाव नाहीये."

मुक्ताबाईंचा हात थांबला नाही.

"मुद्दत हाय," त्या म्हणाल्या.

निशानं त्यांच्याकडे पाहिलं.

"लग्नानंतरच्या दुसऱ्या साली कळलं मला. शेजारच्या खालाच्या घरी रेडिओ होता. तिला इचारलं, मुद्दत मंजे काय वो? ती म्हनली, बहोत दिनां. म्या घरी आले, भाकरी केल्या. हे जेवाया बसले आन् तेच म्हनाया लागले, मुक्ता से. काय सांगू मग?"

"कधीच नाही सांगितलं?"

"कशापायी? मानूस म्हनतो, गान्यात तुझं नाव हाय. त्याला म्हनू, नाय वो, तुमाला कमी ऐकू येतं?" त्यांनी टोपली हलवून दाणे सारखे केले. "भांडन व्हायचं तवा लई वेळा तोंडावर आलं होतं. एकदा तर तुझ्या बापाच्या शाळेवरून असं जुंपलं होतं, की म्हनले, आता सांगतेच. पर गिळलं."

"मग आता मी काय करू? सोडून देऊ का गाणं?"

मुक्ताबाईंचा हात आता जरा वेळ थांबला. पंचावन्न वर्षं जपलेली वस्तू कुणाच्या हातात द्यावी की नाही, असा तो वेळ होता.

"सोडू नको. ज्यानं लिवलं त्यानं मुद्दत लिवलं. तू तेच म्हन, आन् नीट म्हन. त्यांला कळायचं आसंल तर तुझ्या तोंडून कळंल. परक्यापरीस बरं." मग म्हणाल्या, "पर म्या शेजारी बसनार हाय. तेवढी जागा धर."

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सहाला कार्यक्रम सुरू झाला. सभागृह भरलेलं होतं. पहिल्या दोन रांगा पांढऱ्या केसांच्या, पण मागे कॉलेजची मुलंमुलीही बरीच. आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी मुक्ताबाई, पलीकडे धम्मपाल. आबांनी आजूबाजूच्या चार जणांना आधीच सांगून ठेवलं होतं की आठव्या गाण्यात हिचं नाव आहे.

आठवं गाणं आलं. निशानं माइक हातात घेतला आणि पहिल्या रांगेकडे पाहायचं टाळलं.

या गाण्याचं बांधकाम साधं आहे. सुरुवातीला वाद्यं जवळजवळ नाहीत. पहिला शब्द एकटा येतो, लांबवलेला, चार मात्रा हवेत राहतो, आणि 'खड़ा हूँ' म्हणताना चाल खरोखर थांबते. ऐकणाऱ्यालाही त्या वळणावर उभं राहावं लागतं. मग 'घर जाऊँ मैं'ला सूर खाली उतरत षड्जावर येतो, दार लोटून आत आल्यासारखा. त्यात कुठं हुंदका नाही, विनवणी नाही. तू यायला हवंस, एवढंही तो माणूस म्हणत नाही. तो फक्त सांगतो की तो जागचा हललेला नाही. साठ वर्षांत प्रेम करायच्या रीती किती बदलल्या, पण वाट पाहायला अजून दुसरी रीत निघालेली नाही. म्हणून असेल, पण दुसऱ्या कडव्यापासून मागच्या रांगांतली विशीतली पोरं पडद्याकडे न बघता गात होती. त्यांनी हे कुठं ऐकलं होतं, कुणास ठाऊक. प्रत्येकाच्या घरी कुणी तरी शिट्टी वाजवणारं असणार.

निशानं 'मुद्दत' म्हटलं. स्वच्छ म्हटलं, चारही मात्रा भरून. धृपद पाचदा आलं आणि पाचही वेळा तिनं तेच म्हटलं. शेवटच्या वेळी तीनशे गळ्यांनी तिच्याबरोबर म्हटलं, आणि तेव्हा तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. आबा डोळे मिटून, गुडघ्यावर बोटं नाचवत होते. क्लॅरिनेटची भोकं उघडत-मिटत असल्यासारखी. ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मंचावरून कळत नव्हतं. मुक्ताबाई गाण्याकडे नाही, त्या ओठांकडे पाहत होत्या.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. अप्पारावांनी मान हलवली, जे ते सहसा करत नसत.

मध्यंतरात निशा खाली आली आणि आबांच्या पाया पडली.

"आबा, कसं झालं?"

"सूर चांगला. लई चांगला," आबा म्हणाले. "शेवटाला उतरलीस ना, तसं आमच्या मास्तरालाच जमायचं." मग आवाज खाली आणून, चारचौघांत पोरीचा अपमान नको म्हणून, "पर पैला शब्द चुकलीस."

निशा मुक्ताबाईंकडे पाहायला लागली. मुक्ताबाई पदराची गाठ सोडत होत्या, बडीशेप काढायला.

"पडद्यावर तसंच होतं, आबा."

"व्हय, वाचलं म्या. छापनाऱ्यानं चुकवलं आन् तू बी तसंच वाचलंस. मुदत." ते जरा हसले. "आगं, मुदत ठेवीला आसती. कर्जाला आसती. प्रेमाच्या गान्यात मुदत कशाला यील? कोन ते तुमचे सर? काय करायचे आधी?"

"बँकेत होते."

"मंग," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. "मानूस चांगला हाय, पर बँकेतला हाय. पुढच्या टायमाला नीट सांग त्यांला."

"सांगते," निशा म्हणाली. "चुकलंच माझं."

मुक्ताबाईंनी चिमूटभर बडीशेप आधी आबांच्या तळहातावर ठेवली, मग निशाच्या.

"मुदत त्या सरांनीच घातली आसंल," त्या म्हणाल्या.