वाटलंच होतं

सासऱ्यांच्या तोंडात कवळी कधी धड बसली नाही, पण एक वाक्य मात्र पक्कं बसलं होतं: "मला वाटलंच होतं." दूध नासलं, वाटलंच होतं. शेजारच्या मुलीचं लग्न मोडलं, वाटलंच होतं. गल्लीत त्यांना 'वाटलंच काका' म्हणत. सुनेलाही सुरुवातीला हसू यायचं. असतात काही माणसं झाल्यावर शहाणी, त्याला काय करणार?

गटार तुंबलं त्या दिवशी मात्र तिचं हसू आटलं. मोरीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर आलं आणि सगळ्या इमारतीची घाण तिच्या खोलीत पसरली. शिवायला घेतलेले गिऱ्हाइकाचे पडदे त्यात लडबडले. दुपारपर्यंत ती गुडघे टेकून, नाकाला पदर बांधून ती घाण लोटत होती. सासरे पलंगावर पाय वर घेऊन दात कोरत बसले होते.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

तिने चिडून मान वर केली आणि तिला कपाटावर त्यांच्या चपला दिसल्या. कोरड्या ठणठणीत. शेजारी त्यांची पेटी, जी एरवी पलंगाखाली असायची. सकाळीच त्यांनी ती वर ठेवली होती. "तुला झाडायला अडचण होते," असं म्हणाले होते, आणि या वेडीला त्यांचं कौतुक वाटलं होतं.

"बाबा, तुम्हाला आधीच माहीत होतं!"

"होतं की." त्यांनी काडीच्या टोकाला काय आलं ते निरखून पाहिलं आणि काडी परत तोंडात घातली.

"मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू जाळीत बोळा कोंबला असतास. घाण वर आली नसती. मग मला खरं कोण मानणार?" ते जरा पुढे सरकले. "तुझ्या सासूला एकदा सांगितलं होतं. गाडीत चढताना तिचा पाय घसरताना दिसला मला. म्हटलं, जाऊ नकोस. राहिली घरी. धाकट्या बहिणीचं लग्न चुकलं तिचं. आता चढलीच नाही तर घसरणार कुठून? पण मरेपर्यंत मला टोमणे मारले तिने. टळलेलं कधी कुणाला दिसतं का, सांग."

तिला हातातल्या फडक्याची आली नव्हती एवढी त्या माणसाची किळस आली.

रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हातारपण आहे, सोड." तो रंगारी होता. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायचा, दिवसभर बांबूंच्या उंच परांचीवर उभा. तिने सोडलं नाही. त्या दिवसापासून ती सासऱ्यांवर नजर ठेवून राहिली. ते चपला कुठे काढतात, पेटी कुठे सरकवतात, सगळं बघायची.

आणि एका सकाळी, आठवड्यातून एकदा कशीबशी दाढी करणारा हा माणूस गुळगुळीत दाढी करून, पांढरा इस्त्रीचा सदरा घालून दाराकडे तोंड करून बसला. ताट चाटूनपुसून खाल्लं.

"आणखी वाढ."

"एवढ्या सकाळी?"

"खाऊन घेतो. दुपारी कुठलं जेवण व्हायला? माणसं येतील घरात."

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. आतल्या खोलीत नवरा शीळ घालत ब्रश पिशवीत भरत होता. तिने सासऱ्यांच्या पुढचं ताट ओढून घेतलं.

"कसली माणसं? बोला, नाहीतर उद्यापासून या घरात ताट मिळणार नाही."

सासऱ्यांची नजर ताटावरच होती. "परांची," ते म्हणाले. "दे आता इकडे."

पोटचा मुलगा, आणि हे दुसऱ्यांदा वाढून घेत होते!

नवरा ऐकून हसला आणि बूट घालायला लागला. मग तिने मोरीत जाऊन घशात दोन बोटं घातली, तोंड दाबून धावत बाहेर आली आणि त्याच्या बुटांवर भडाभडा ओकली. बिचारा घाबरला. तो ठेकेदाराला फोन करत होता तेव्हा ती कण्हत कण्हत ओरडली, "परांची तपासून घ्यायला सांगा!" ठेकेदार हसला, कालच तपासली म्हणाला, आणि ती भिंत त्याने दुसऱ्या रंगाऱ्याला दिली.

दुपार झाली. कुणी आलं नाही. उन्हं उतरली तरी कुणी आलं नाही.

"बोटं घातलीस ना घशात? मला ऐकू आलं होतं," नवरा म्हणाला. "हातातलं काम घालवलंस. आता गल्लीत दोन-दोन वाटलंच झाले." तो भडकून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

सासरे त्याच सदऱ्यात पलंगावर आडवे झाले होते. "बघितलंस? म्हणून मी सांगत नसतो." त्यांनी डोळे मिटून घेतले.

जिता-जागता नवरा गॅलरीत उभा होता, आणि ती त्याच्या पाठीकडे बघत चरफडत होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ठेकेदार. तिने झडप घालून उचलला, आणि तो बोलायच्या आत तिच्या मनात आलं: पडली असू दे. तो दुसरा वर असताना पडली असू दे. म्हणजे एकदाचं कळेल सगळ्यांना!

"वहिनी, रंगाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे राहिलीय, तेवढी पाठवून द्या," ठेकेदार म्हणाला. "आणि परांची जागच्या जागी आहे बरं का."

तिने फोन खाली ठेवला.

"काय म्हणाला? काय झालं?" नवऱ्याने गॅलरीतून विचारलं.

"काही नाही झालं," ती म्हणाली, आणि आपल्या आवाजातली तक्रार तिला स्वतःलाच ऐकू आली.

सासऱ्यांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, आणि पलंगावर जरा सरकून त्यांनी तिला बसायला जागा करून दिली.