टाचेतली चकती

“एकवीस,” सिस्टर म्हणाली आणि तिने वेल्डरचा हात हवेतच अडवला. “झाकण लावायचं नाही. एक कमी आहे.”

वेल्डर दोन्ही हातांत गिअरबॉक्सचं झाकण धरून तसाच उभा राहिला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं आणि जड काही उचलायचं असलं की सिस्टर त्यालाच हाक मारायची. त्याच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला ती हजर होती. ही गोष्ट तो एव्हाना विसरला असता, पण ती विसरू देत नव्हती.

“सिस्टर, गिअरबॉक्स आहे हा. पोट नाही.”

“पोटच आहे. तुमचंही असंच मोजून शिवलं होतं. पाय झटका.”

“काय?”

“पॅंट झटका म्हणते ना. उजवा पाय.”

वेल्डरने झाकण खाली ठेवलं, पाय झटकला, आणि पॅंटच्या दुमडीतून वाटाण्याएवढी पोलादी गोळी टणकन फरशीवर पडली. सिस्टरने ती उचलून पुसली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये पांढऱ्या कापडावर ठेवली. “बावीस. आता लावा झाकण. आणि ही गोळी राहू दे इथेच, ती बाहेरून बसते, लिव्हरच्या बुडाशी.” शेडच्या दाराशी खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे तिने हळूच पाहिलं. त्यांची नजर बाहेर रस्त्यावर होती.

चौतीस वर्षं सिस्टरने ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. शिवण्याआधी कात्र्या, चिमटे, सुया, कापसाचे बोळे, सगळं मोजायचं आणि आकडा जुळल्याशिवाय मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलासुद्धा टाका घालू द्यायचा नाही, हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर सवय जाईना. मोजायला पेशंट नाहीत म्हटल्यावर ती जुन्या यंत्रांकडे वळली. आधी एक हातशिलाईचं मशीन, मग भिंतीवरचं घड्याळ, मग शेजाऱ्यांनी टाकून दिलेला पाण्याचा पंप. खोलायचं, घासायचं, मोजून पुन्हा जोडायचं. बंद पडलेली वस्तू सुरू झाली की दिवसभर ती स्वतःशीच गुणगुणत असे.

बागेचा हा छोटा ट्रॅक्टर मात्र छंदापोटी आलेला नव्हता, ती वरवर काहीही म्हणो. नवरा त्याच हॉस्पिटलात माळी. सगळं हॉस्पिटल त्यांना माळीमामा म्हणायचं. एका सिलिंडरचा हा ट्रॅक्टर त्यांनी तीस वर्षं चालवला. हिरवळ कापली, वाफे नांगरले, मागे गाडा जोडून पालापाचोळा वाहिला. घरी आले की अंगाला पेट्रोलचा वास. शिवाय दर दोनेक वर्षांनी डाव्या चपलेच्या टाचेला बटणाएवढं भोक पाडून यायचे. विचारलं की म्हणायचे, “खिळा लागला.” सिस्टर करवादायची, “तुमच्या बागेत फुलं कमी आणि खिळेच जास्त!” आणि चपला फेकून नव्या आणायची.

चौदा महिन्यांपूर्वी मामांची उजवी बाजू गेली. त्याबरोबर बोलणंही गेलं. एक ‘बा’ तेवढा उरला. चहा हवा असला तरी बा, नको असला तरी बा. पाय हळूहळू घसटत का होईना चालू लागला. हात मात्र मांडीवर ठेवला तिथेच राहायचा. सिस्टरने असे कितीतरी हात पाहिले होते, परत आलेले आणि न आलेलेही. हाताची तिला तितकी भीती वाटत नव्हती. मामांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं, त्याची वाटत होती. म्हणून हॉस्पिटलच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली गंजत पडलेला ट्रॅक्टर भंगारात निघतोय असं कळलं, तेव्हा ती थेट मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि तो घेऊनच घरी आली. सीटखालच्या पेटीत कंपनीचं पातळ पुस्तकही सापडलं, प्रत्येक भागाचं चित्र आणि आकडा असलेलं. दोन महिने तिने त्या पुस्तकाबरहुकूम काम केलं.

झाकण बसलं. मग लिव्हरच्या बुडाशी भोकात आधी गोळी, तिच्यावर स्प्रिंग, वरून बोल्ट. सिस्टरने इंजिनाच्या चाकावर दोरी गुंडाळली आणि ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन नुसतं शिंकलं. तिसऱ्या वेळी मात्र निळ्या धुराचा लोट निघाला आणि शेडचा पत्रा थडथडू लागला.

वेल्डरने टाळ्या वाजवल्या. सिस्टर इंजिनाकडे बघतच नव्हती. ती मामांकडे बघत होती. मामांची मान वळली होती. डोळे मिटून ते तो आवाज ऐकत होते, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा कुणाचा तरी चेहरा वाटत होता.

ती सीटवर चढली आणि तिने पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टर हातभर पुढे सरकला. खट्! लिव्हर आपोआप मधे येऊन थांबली. पुन्हा टाकला, पुन्हा खट्. सात वेळा तिने गिअर टाकला आणि सात वेळा तो निसटला. आठव्यांदा टाकण्याआधी तिने वळून पाहिलं तेव्हा मामांची नजर परत रस्त्यावर गेली होती.

पुढचे तीन दिवस सिस्टरला जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही. उघडायचं, पुसायचं, पुस्तकात बघायचं, मोजायचं. पुस्तकात बावीस, ट्रेमध्ये बावीस.

“दात झिजलेत गिअरचे,” वेल्डर म्हणाला. “आता हा भाग कुठे मिळणार? त्यापेक्षा मस्त रंग मारू, दारात उभा करू. वर चार कुंड्या ठेवा. छान दिसेल.”

“छान दिसायला आणलाय का मी?”

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “आई, इंजिन सुरू झालं ना? मग झालं की. उगाच बाबांना कशाला आशा लावतेस?”

“त्यांना कुठे लागलीय? मला लागलीय,” सिस्टर म्हणाली. फोन तिने लवकरच ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम आल्या. मामा शेडच्या दारातून हलायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी तिथेच स्टूल ओढलं आणि त्यांच्या उजव्या हातात मऊ चेंडू दिला. “काका, दाबा बघू. थोडासाच.” चेंडू घरंगळून खाली गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला. मॅडम सिस्टरजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, “हातात जोर आहे हो. मला जाणवतो. पण त्यांनाच नको असेल तर मी काय करणार?”

तेवढ्यात मामांनी डाव्या हाताने आपली डावी चप्पल काढली आणि पुढे धरली. “बा.”

“चावते का काका?” मॅडमनी पाऊल पाहिलं. सिस्टरनेही पाहिलं, बोटं वेगळी करून, टाच दाबून. कुठे फोड नाही, सूज नाही. तिने चप्पल परत पायात घातली. मामांनी परत काढली. “बा!” तिने परत घातली. तेव्हा मामांनी चप्पल काढली आणि भिरकावली. ती जाऊन थेट ट्रॅक्टरवर आदळली.

“होतात असे चिडचिडे,” मॅडम पुटपुटल्या. “मनावर घेऊ नका.”

पण सिस्टरने मनावर घेतलं. एवढं सगळं सोसलं होतं, हे मात्र तिला सोसवेना. “चप्पल मारताय? दोन महिने मी हाताची सालं काढली, आणि तुम्ही त्याला चप्पल मारताय?” तिने ती उचलली आणि हातात धरून मटकन स्टुलावर बसली. थिएटरमध्ये जिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं, ती परक्या बाईसमोर पदराने डोळे पुसू लागली.

मामा उठले. काठी न घेता, भिंत धरून, उजवा पाय घसटत ते पाच पावलं आले. त्यांनी तिच्या हातातली चप्पल घेऊन उलटी केली आणि टाचेवर अंगठा टेकवला. मग तोच अंगठा लिव्हरच्या बुडाशी असलेल्या बोल्टवर टेकवला. पुन्हा टाचेवर. पुन्हा बोल्टवर.

सिस्टर बघत राहिली.

“खिळा?” तिने हळूच विचारलं.

“बा,” मामा म्हणाले.

मग तिला आठवलं. पहिल्यांदा तो बोल्ट काढला तेव्हा त्याच्या आत बटणाएवढा काळाकुट्ट थर चिकटलेला होता. वाळलेलं ग्रीस समजून तिने तो ब्लेडने खरवडून कचऱ्यात टाकला होता. ते ग्रीस नव्हतं. ती चामड्याची चकती होती. जुनी स्प्रिंग ढिली पडली होती, लिव्हरला जागेवर अडवून धरणारी गोळी घट्ट दाबली जात नव्हती, म्हणून मामांनी वरून चपलेचा तुकडा घातला होता. तो झिजला की दुसरा. पुस्तकात त्याचं चित्र नव्हतं, म्हणून तिने तो मोजलाच नव्हता. चौतीस वर्षांत एक सुई इकडची तिकडे होऊ दिली नाही, आणि घरच्याच पेशंटचा भाग तिने घाण म्हणून फेकला.

“आणि मला वर्षानुवर्षं खिळा सांगत होता?”

मामा हसले. हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला आलं. सिस्टरला तेवढं पुरे होतं.

तिने फळीवरून चामडं कापायचा गोल पंच आणि हातोडी आणली, चप्पल कामाच्या ओट्यावर ठेवली आणि धरायला हात पुढे केला. मामांनी तो बाजूला सारला. डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात उचलला, चपलेवर नेऊन ठेवला, आणि हातोडी घेतली. सिस्टरने पंच उभा धरला. पहिल्या घावाला चप्पल सरकली. मामांनी दात-ओठ आवळले. उजव्या तळव्याखालची चप्पल जराशी दबली. बोटं वाकली, नखांशी पांढरी झाली. दुसऱ्या घावाला ती हलली नाही.

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. सिस्टरने नुसती मान हलवून त्यांना गप्प केलं. काम चालू असताना थिएटरमध्ये बोलत नाहीत.

चौथ्या घावाला चकती सुटली. गोळी, स्प्रिंग, चकती, बोल्ट. सिस्टरने दोरी ओढली, सीटवर चढली आणि गिअर टाकला. ट्रॅक्टर हातभर पुढे गेला, दोन हात गेला, शेडच्या बाहेर गेला. लिव्हर जागच्या जागी राहिली. वेल्डर दुकानातून पळत आला आणि गल्लीत उभ्या असलेल्या सायकली बाजूला करू लागला, कारण सिस्टरला गाडी चालवायची सवय अजिबात नव्हती. ती टोकापर्यंत जाऊन, कुणाच्या तरी फाटकाला निसटता धक्का देऊन, वळून परत आली. मामा एका पायात चप्पल नसताना, दाराच्या चौकटीला टेकून, तसेच उभे होते.

रविवारी मुलगी आली, ती नव्या चपला घेऊन. बाबांना ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेलं तिने पाहिलं. मग तिने त्यांना खाली उतरायला हात दिला, नव्या चपला पायात घातल्या आणि जुना जोड उचलला. “भोक पडलंय टाचेला. टाकून देते.”

“खबरदार!” सिस्टर ओरडली. तिने डावी चप्पल हिसकावून घेतली, टाच स्पिरिटने पुसली आणि पंच ठेवून पेन्सिलीने गोल आखत गेली. एक, दोन, तीन. “भोक सोडून सात निघतील. एक चकती दोन वर्षं. म्हणजे चौदा वर्षं.” तिने मनाशी हिशेब केला. मामांना एकाहत्तर चालू होतं. “पंच्याऐंशीपर्यंतची सोय झाली बघा.”

मामांनी मुलीच्या हातातली उजवी चप्पल ओढून घेतली आणि सिस्टरपुढे धरली. “बा.”

सिस्टरला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने तीही पुसली, तीही आखली. घसटून घसटून त्या टाचेची एक कड पार झिजून गेली होती.

“पाचच,” ती म्हणाली. “ही तुम्ही फार घासलीत. नवी तरी पाय उचलून वापरा, म्हणजे आणखी दोन निघतील.”

तिने दोन्ही चपला पांढऱ्या कापडात गुंडाळून ट्रेशेजारी फळीवर ठेवल्या, पुस्तक उघडलं, स्प्रिंग आणि बोल्ट यांच्यामध्ये पेन्सिलीने एक लहानसा गोल काढला आणि पुढे तेवीस असा आकडा घातला. मामा घराकडे निघाले होते. दाराच्या पायरीशी ते थांबले, त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं, आणि तो उचलून वर ठेवला.